शेवाळपुराण

पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन आहेत. एक दाभाड्यांचे, दुसरे ढमढेऱ्यांचे. पहिले मुंबईच्या वाटेवर, दुसरे नगरच्या वाटेवर शिक्रापूरहून आत वळल्यावर, आणि दोहोंच्या मध्ये अख्खे पुणे शहर हातपाय पसरून पडलेले. तरीसुद्धा नुसते ‘तळेगाव’ एवढाच पत्ता सांगणारे यजमान आणि तेवढ्या आधारावर गाडी बाहेर काढणारे पाहुणे यांचा आपल्याकडे कधी तुटवडा पडलेला नाही.

दोन्ही गावांच्या नावात तळे आहे. पण इतिहासात गाजले ते दाभाड्यांच्या तळेगावचे. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज घाट चढून तिथवर आली आणि पाहते तो काय, गाव जाळलेले, दाणावैरण नाहीशी झालेली आणि चहूबाजूंनी मराठ्यांचे घोडेस्वार. पुणे हाकेच्या अंतरावर असताना साहेबाचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी आपल्या अवजड तोफा तिथल्या मोठ्या तळ्यात ढकलून दिल्या, सामान पेटवले आणि अंधारात आल्या वाटेने मागे फिरले. पुढे वडगावला तह करताना नाक मुठीत धरावे लागले, तो भाग सर्वांना पाठ आहे. मी शाळेत हा धडा शिकवीत असे तेव्हा मुलांना तहाशी कर्तव्य नसे. प्रश्न ठरलेला, “सर, तोफा अजून तळ्यात आहेत का?” मी म्हणे, “उतरून बघ. पोहता कोणाकोणाला येतं, हात वर करा.” पन्नासांत पाच-सहा हात वर येत आणि त्यातले दोन नुसते हौसेचे असत.

ढमढेऱ्यांच्या तळेगावाशी माझा संबंध आला तो आमच्या मेहुण्यांमुळे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे दीड एकर जमीन घेतली, टुमदार घर बांधले, आंब्याची वीस कलमे लावली आणि परसदारी पोहण्याचा टँक बांधला. पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद, चार फूट खोल. तळाला निळ्या टाइल्स. नातवंडे सुट्टीत येतील आणि डुंबतील हा हिशेब. नातवंडे दोन उन्हाळे आली, डुंबली. तिसऱ्या उन्हाळ्यात एकाची दहावी निघाली, दुसऱ्याचा क्लास निघाला, आणि पाणी जागच्या जागी राहिले. मोटर बंद, फिल्टर बंद. शेजारच्या सुबाभळीने पाने टाकली, कावळ्याचिमण्यांनी आपापली वर्गणी टाकली, आणि एका पावसाळ्यानंतर मेहुण्यांचा मला फोन आला.

“दाजी, टँक हिरवा झालाय.”

“किती हिरवा?”

“बेडकं वर बसतायत. बुडत नाहीत.”

मी इतिहासाचा मास्तर. मला का विचारले, तर मेहुण्यांचे म्हणणे, तुम्हाला जुनीपानी माहिती असते. ते खोटे नाही. आणि शेवाळाइतके जुने दुसरे काहीच नाही. हडप्पा कालचे वाटावे इतके ते प्राचीन आहे. ज्याला आपण निळे-हिरवे शेवाळ म्हणतो आणि शास्त्रज्ञ जीवाणूंच्या पंगतीला बसवतात, त्याच्या पूर्वजांनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी या पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली. आपण आज जो श्वास घेऊन शेवाळाला शिव्या देतो, तो श्वासही त्याच खात्यातून काढलेला असतो. त्याला लागते काय? ऊन, पाणी आणि थोडे नत्र-स्फुरद. उसाच्या मुलखात बोअरच्या पाण्यातून नत्र आयते येते, स्फुरद पाखरे पोचवतात, ऊन शिरूर तालुक्यात कधी कमी पडलेले नाही. मेहुण्यांनी न कळत शेवाळाची बागायत केली होती.

मी पोचलो तोवर टँकाभोवती गावातले तज्ज्ञ जमून गेले होते. पाणी खराब झाले की आपल्याकडे सल्ल्याचा झरा मोकळा होतो. द्राक्षबागाईतदार म्हणाले मोरचूद टाका. दवाखान्यातले कंपौंडर म्हणाले ब्लीचिंग पावडर. एका निवृत्त ग्रामसेवकांनी लाल औषधाचा आग्रह धरला. कोणी म्हणाले गप्पी मासे सोडा. मेहुणे बँकेतले असल्यामुळे कोणत्याच खातेदाराला नाराज करीत नाहीत. त्यांनी सोमवारी गप्पी सोडले आणि मंगळवारी ब्लीचिंग टाकले. बुधवारी गप्पी वर आले, उताणे. शेवाळ होते तसेच.

या सगळ्या तज्ज्ञांत एक आबा होते. मेहुण्यांच्या जमिनीची देखरेख करणारे, वय विचारले तर “बहात्तरच्या दुष्काळात मी बाप्या होतो” एवढेच सांगणारे. ते कडेला तंबाखू मळत उभे. मी विचारले, “आबा, तुमचं काय म्हणणं?”

“माजं काय म्हननं मास्तर. पानी बसून ऱ्हायलं की हिरवं व्हनारच. मोट चालू हुती तवा हिरीला शेवाळ धरल्यालं मी बगितलं न्हाई.”

हे वाक्य मी डोक्यात ठेवले, कारण जुन्या लोकांची सगळी पाण्याची कामे आठवून पाहिली तर आबांचीच साक्ष निघते. मोहेंजोदडोचे मोठे स्नानकुंड घ्या. १९२५-२६ च्या उत्खननात सापडले. सुमारे बारा मीटर लांब, सात रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल. विटांच्या भिंतींमध्ये डांबराचा थर देऊन ते गळणार नाही अशी तजवीज केलेली. पुस्तकांत या डांबराचे कौतुक फार असते. मला कौतुक वाटते ते दोन गोष्टींचे. शेजारच्या खोलीत पाणी भरायला विहीर आहे आणि कुंडाच्या कोपऱ्यातून पाणी सोडून द्यायला माणूस उभा जाईल असे कमानदार गटार आहे. पाणी आणायचे कोठून आणि घालवायचे कोठे, हे त्या मंडळींनी आधी ठरवले आणि मग स्नान केले. मेहुण्यांच्या टँकाला निळ्या टाइल्स होत्या. तळाला भोक नव्हते.

पुण्याचे कात्रजचे नळ तर आपल्या घरचेच उदाहरण. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी बांधीव नळातून जमिनीखालून शहरात आणले. जागोजागी हवेसाठी उच्छ्वास ठेवले आणि पेठापेठांतून हौद बांधले. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार. नळ झाकलेला, म्हणजे आत काळोख, आणि काळोखात शेवाळाचे काही चालत नाही. हौदात उजेड होता, पण तिथे सकाळपासून घागरी बुडत. साताऱ्याजवळ लिंब गावात १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतलेली बारा मोटेची विहीर आहे. नाव बारा मोटेचे असले तरी मोटा पंधरा लागतात. (हिशेबात तीनचा घोळ पडला म्हणून तिचे नाव कोणी बदलले नाही, हे मी आमच्या बँकवाल्या मेहुण्यांना मुद्दाम सांगितले.) पंधरा मोटा सकाळ-संध्याकाळ पाणी ओढत असताना शेवाळाने संसार थाटायचा कधी?

वैद्यांच्या पोथ्यांत मात्र उपायांची यादी आहे आणि ती मोठी गमतीची आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी सुश्रुतसंहितेत सात वस्तू सांगितल्या आहेत. निवळीचे बी आहे, कमळाचा कंद आहे, कापडाने गाळणे आहे, मोती आहे. (ज्याच्याकडे पाण्यात टाकायला मोती आहे तो गढूळ पाणी पीत असेल असे मला वाटत नाही.) आणि त्याच यादीत ‘शैवालमूल’ आहे! पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीचे मूळ पाणी स्वच्छ करते. वराहमिहिराने सहाव्या शतकात विहिरीत टाकायला एक चूर्ण दिले आहे, त्यात नागरमोथा, वाळा, आवळकाठी आणि पुन्हा निवळी. आमच्या लहानपणी रांजणात आतून निवळीचे बी घासत, नाहीतर तुरटीचा खडा दोन फेऱ्या फिरवत. निवळी आणि तुरटी दोन्ही एकच काम करतात, पाण्यात तरंगणारा मळ एकमेकांना चिकटवून खाली बसवतात. चौतीस हजार लिटरला निवळी घासायची म्हणजे मात्र नातवंडांची दहावी संपून लग्ने व्हायची.

आता गावातल्या तज्ज्ञांची औषधे. यातले एकही औषध शेवाळासाठी जन्माला आलेले नाही, ही त्यांच्या इतिहासातली खरी मौज. मोरचुदाचे पाहा. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला रस्त्याकडेच्या द्राक्षांवर वाटसरू हात मारीत. बागाईतदारांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून त्या विषारी दिसतील अशी युक्ती केली. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, की आतल्या वेली केवड्या रोगाने गेल्या आणि रस्त्याकडेच्या हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्याने ते छापले आणि चोरांसाठी काढलेले औषध रोगावर लागू पडले. नारायणगावपासून नाशिकपर्यंत आजही ‘बोर्डो’ हा शब्द द्राक्षवाल्यांच्या तोंडी असतो. पुढे १९०४ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी दाखवून दिले की शहरांच्या जलाशयात अगदी चिमूटभर मोरचुदाने शेवाळ मरते. चिमूट म्हणजे किती? दहा लाख भाग पाण्याला एक भाग, कधी त्याहूनही कमी. मी टँकाच्या काठावर बसून हिशेब मांडला. बाराशे घनफूट, म्हणजे सुमारे चौतीस हजार लिटर. मोरचूद चौतीस ग्रॅम. जेमतेम तीन तोळे! बागाईतदारांनी उदार मनाने दोन किलोंची पिशवी आणली होती. मोरचूद मासे मारते, जास्त झाले तर टाइल्सवर निळे डाग पाडते आणि पोरांचे केस हिरवट करते. पिशवी साभार परत केली.

ब्लीचिंग पावडर मूळची धोब्यांची. क्लोरीन वायू १७७४ साली शेले याने काढला. त्याआधी विलायतेत कापड पांढरे करायचे तर ते महिनोन् महिने गवतावर उन्हात वाळत घालीत आणि आंबट ताकात भिजवीत. १७९९ साली ग्लासगोच्या टेनंटने क्लोरीन चुन्यात मुरवून त्याची पूड केली आणि तिचे पेटंट घेतले. पाण्यात ही पूड टाकायची बुद्धी व्हायला आणखी शंभर वर्षे गेली. १८९७ साली इंग्लंडात मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली तेव्हा तिथले नळ या पुडीने धुतले. आणि लाल औषध? ते तर आपल्याच देशातले प्रकरण. आग्र्याचे हँकिनसाहेब १८९० च्या दशकात पटकीच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकत. पाणी गुलाबी झाले की जंतू मेले, अशी साधी खूण. याच हँकिनने १८९६ साली लिहून ठेवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे. आमच्या ग्रामसेवकांना हे सांगितल्यावर ते इतके खूष झाले की लाल औषधाचा आग्रह सोडून गंगाजलाचा धरू लागले.

राहिले गप्पी मासे. गप्पी डासांची पिल्ले खातो. शेवाळ साफ करणे हा त्याचा धंदाच नव्हे. पण डासांचा विषय निघाला की मला मुंबईच्या विहिरी आठवतात. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला. त्यांचे म्हणणे असे, की हा डास घाणेरड्या गटारात वाढत नाही, तो वाढतो लोकांच्या घरच्या स्वच्छ विहिरींत आणि टाक्यांत. म्हणजे शेवाळ काढून पाणी नितळ केलेत तर डासाची सोय, न काढलेत तर बेडकाची. उपाय एकच, विहिरी बुजवा नाहीतर झाका. त्यावर शहरात मोठा ओरडा झाला. पारशी म्हणाले आमच्या पूजेचे पाणी, हिंदू म्हणाले आमच्या पूजेचे. हिवतापाने दोघांना एकत्र आणले. कित्येक विहिरी गेल्या, कित्येकींवर झाकणे आली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहरामची विहीर मात्र समुद्र एवढा जवळ असून अजून गोड पाणी देत उभी आहे, कारण तिच्यावर रोज माणसे येतात.

पुण्यात विहिरी बुजवायला कोणाच्या अहवालाची गरज पडली नाही. नळ आले आणि वाड्यावाड्यांतल्या विहिरी आपोआप अडगळीत गेल्या. आमच्या वाड्यातल्या विहिरीवर फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर मोडके पाट, पाटांवर कोणाची तरी मांजर. फटीतून वाकून पाहिले तर खाली हिरवा गालिचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासला गेले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. त्यानंतर पुण्यात एक विचित्र गोष्ट झाली. शहर पाण्याने धुऊन निघाले आणि प्यायला पाणी नाही. धरणच गेले तर नळाला येणार काय?

मी तेव्हा शाळेत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातल्या पुरुषांनी धोतरे खोचून विहिरीवरच्या फळ्या हलवल्या. शेवाळाचा थर बांबूला बांधलेल्या टोपलीने काढला तो एवढा जाड, की घडी करून ठेवता आला असता. मग दोन दिवस दोर, बादल्या आणि माणसांची रांग, एक उपसणारा, एक ओतणारा, दोन सल्ला देणारे. तळाचा गाळ निघाला तेव्हा गाळाबरोबर वाड्याचा तीस वर्षांचा इतिहास वर आला. पाच तांबे, दोन फुलपात्री, एक सोऱ्या, माझा स्वतःचा भोवरा, आणि तो पितळी तांब्या, ज्याच्यावरून खालचे जोशीकाकू आणि माडीवरचे बिऱ्हाड यांचा अकरा वर्षे अबोला होता. तांब्या हातात घेऊन काकू नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो घासला, नव्या पाण्याने भरला आणि जिना चढून वर नेऊन दिला. पुढे सगळे पाणी उकळून प्यायचे, पोटभर प्यायचे. काही महिन्यांत नळ पूर्ववत झाले. फळ्याही.

पाण्याच्या इतिहासात शेवाळापेक्षा चिवट एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल थट्टेने लिहिणे जड जाते. पाणी कोणी काढायचे, ही ती गोष्ट. पुण्याच्या गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. घरचा हौद, परसातला. आपण परसात हौद बांधतो तो आपल्या नातवंडांसाठी. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला आणि तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले, ते कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, पण शेवाळासाठी खत बनवायला मला सांगितले असते तर मीही याच चार वस्तू निवडल्या असत्या. ते तळे सगळ्यांचे आहे हे मुंबई हायकोर्टातून वदवून घ्यायला १९३७ चा मार्च उजाडावा लागला. दहा वर्षे! मूर आणि केलरमनचे शेवाळ काही दिवसांत मरत असे.

असो. टँकाकडे येतो.

काम आम्ही शनिवारी सकाळी काढले. आधी जाळीने पाने आणि बेडूक, बेडूक जिवंत, नदीकडे रवाना. मग भिंती घासणे. हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे. शेवाळ टाइल्सवर बुळबुळीत कवच करून बसते, ते फोडल्याशिवाय कोणतेही औषध आत शिरत नाही. म्हणून मेहुण्यांचे मंगळवारचे ब्लीचिंग फुकट गेले होते. आबा कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि लांब दांड्याच्या ब्रशने चारी भिंती, कोपरे आणि पायऱ्यांच्या खालची बाजू अशी घासली, की पाणी हिरव्याचे गर्द हिरवे झाले. मेहुण्यांना वाटले बिघडले. मी म्हटले, आता कुठे मोकळे झाले.

पुढचा हिशेब मी कागदावर केला होता. बोअरचे पाणी जड, त्याचा पीएच चढा, आणि चढ्या पीएचला क्लोरीन आळसावतो. तो सात पूर्णांक दोन ते सात पूर्णांक सहाच्या दरम्यान हवा, म्हणून दुपारी थोडे थोडे ॲसिड पाण्यात पसरून घातले. त्याची बादली वेगळी आणि ब्लीचिंगची बादली वेगळी, आणि दोहोंमध्ये अंगण. ही दोन एकाच बादलीत पडली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि १९१५ साली ईप्रच्या खंदकांवर जर्मनांनी सोडला तो हाच. ताजी ब्लीचिंग पावडर सव्वा किलो, बादल्यांत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढी टँकात. तीही दिवस मावळल्यावर, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकते. गप्पींच्या मंगळवारी मेहुण्यांनी भर बारा वाजता टाकली होती. रात्रभर मोटर चालू, वाळूचा फिल्टर चालू.

रविवारी सकाळी पाणी दुधी झाले होते. हिरवे गेले होते. मेलेले शेवाळ असे राखाडी-पांढरे दिसते. मग तुरटी. पन्नास वर्षांत मी तुरटी दाढी केल्यावर गालाला लावण्यापलीकडे वापरली नव्हती. सोमवारपर्यंत सगळा साका तळाशी बसला, तो पाइप लावून ओढून कुंपणापलीकडे पडक्या जागेत सोडला, आंब्यांच्या मुळांत नव्हे. फिल्टर दोनदा उलटा धुतला. मंगळवारी निळ्या टाइल्सवरची रेघन् रेघ दिसू लागली आणि तळाशी एका नातवाची चष्म्याची काच सापडली.

मेहुणे काठावर खुर्ची टाकून कृतार्थ बसले. आबा बाजूला उभे.

“सायेब, पंधरा दिसांत परत हिरवं हुईल.”

“का? आता काय राहिलं?”

“पानी हालवनार कोन? तुमी?”

मेहुण्यांनी आपल्या पोटाकडे पाहिले. आबांनी मग मूळ मुद्दा काढला. मागच्या वस्तीवर पोरे आहेत, पंधरा-वीस. उन्हाळ्यात नदीच्या डोहात जातात, तिथे खोलीचा भरवसा नाही, मागे एक पोर गेले. इथे चारच फूट आहे. संध्याकाळची तासभर आली तर पाणी हालेल आणि पोरे शिकतील. मी काठावर असतो.

मेहुण्यांचा चेहरा कर्जाचा अर्ज आल्यासारखा झाला. जबाबदारी कोणाची, पाय धुऊन येतील का, टाइल्स फुटल्या तर, उद्या कोणी काही म्हणाले तर. मी फुल्यांचा हौद काढला नाही, ते आदल्या रात्री जेवताना बोलून झाले होते आणि माझी बहीण नव्हे, त्यांची बहीण, म्हणजे आमची सौ., ते ऐकत होती. तीच आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, “दादा, पोरांना पाय धुवायला बाहेर एक नळ बसव म्हणजे झालं.”

नळ बसला. वेळापत्रक लागले, बँकेतल्यासारखे, छापील : साडेचार ते सहा, सोमवारी बंद. पहिल्या दिवशी तेवीस पोरे आली, वाट बघत असल्यासारखी. दर आठवड्याला ब्रश फिरवायचा आणि थोडी थोडी ब्लीचिंग टाकायची हे आहेच. पण दोन महिने झाले, हिरवे काही दिसलेले नाही, आणि नातवंडांनी फोटो पाहून दिवाळीची तिकिटे काढली आहेत. परवा मेहुण्यांचा फोन आला.

“दाजी, एक काम होतं. पुण्यात वाळलेले भोपळे कुठे मिळतात? पोहायला शिकवायचे, पाठीला बांधायचे. आबा म्हणतात प्लॅस्टिकचं नको. सात हवेत.”

मी मंडईत जाऊन विचारले. भाजीवालीने मला नीट न्याहाळले आणि म्हणाली, “सतारीला का?”